सांडव्याची जागा

गेली चोवीस वर्षे मी धुळ्यातील एका माध्यमिक शाळेत मराठी शिकवते आहे, आणि दरवर्षी दिवाळीच्या सुट्टीनंतर अलंकारांचे तास घेते. उपमेय हे उपमानासारखे आहे असे म्हटले की उपमा. उपमेय आणि उपमान यांत भेदच उरला नाही, ती एकरूप झाली, की रूपक. मुलांना ओळखण्याची खूणही सांगावी लागते: 'सम', 'सारखा', 'परी' असा शब्द दिसला तर उपमा, नाही तर पुढे पाहा. इतकी वर्षे हे शिकवताना रूपक म्हणजे भाषेवर चढवलेला दागिना आहे अशीच माझी समजूत होती, कारण 'अलंकार' हा शब्दच तसे सुचवतो. आप्पा, म्हणजे माझे वडील, गेल्यानंतरच्या वर्षात मला एका समुपदेशकाकडे जावे लागले आणि तेथे ही समजूत मोडली. त्या खोलीत रूपक हे अवजार होते. ते कसे वापरतात, कोणते हाताला बसते आणि कोणते बसत नाही, याबद्दल मला जे उमगले ते येथे नीट लिहून ठेवायचे आहे.

आप्पा 2022 च्या डिसेंबरात गेले. साक्री तालुक्यात पांझरेकाठी आमचे गाव आहे, आणि आप्पांचे सारे आयुष्य तेथल्या सहा एकरांत, फडाच्या, म्हणजे नदीच्या बंधाऱ्यावरून पाळीने मिळणाऱ्या, पाण्यावर गेले. घशाच्या कर्करोगाने त्यांना चौदा महिने दिले. गावच्या चौकात श्रद्धांजलीचा फलक लागला, त्यावर 'कर्करोगाशी दिलेली झुंज अखेर अपयशी' असे छापले होते. तो वाचून मला प्रथम जे वाटले ते दुःख नव्हते, संताप होता. सहा एकरांवर तीन लेकरांना शिकवून मार्गाला लावणारा माणूस शेवटी अपयशी ठरला, असे म्हणण्याचा अधिकार त्या वाक्याला कोणी दिला? पुढे मला कळले की स्वतः कर्करोगाचे उपचार घेतलेल्या अमेरिकन लेखिका सुझन सॉन्टॅग यांनी 1978 सालीच या गोष्टीवर बोट ठेवले होते. आजाराभोवती रचलेली युद्धाची आणि तशीच इतर रूपके रुग्णाला बळ देण्याऐवजी त्यालाच दोषी ठरवतात, हे त्यांचे म्हणणे होते. फलक छापणाऱ्याच्या मनात वाईट काहीच नव्हते. वाक्य तयार होते, त्याने ते घेतले. तयार रूपकांचा धोका मला तेथे पहिल्यांदा दिसला.

उत्तरकार्य होऊन पंधरा दिवस झाले असतील, तोच धाकटा भाऊ हक्कसोडपत्राचा मसुदा घेऊन माझ्याकडे धुळ्याला आला. "ताई, समद्या बहिणी सही करतस," एवढेच तो म्हणाला, आणि ते खरेही आहे. आमच्या भागात बापाचे उत्तरकार्य आणि लेकींची सही यांच्यामध्ये फारसे अंतर नसते. 2005 च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतकाच वाटा दिला, हे मला पूर्ण ठाऊक होते. मी सही केली नाही, आणि सही करणार नाही असेही म्हणाले नाही. चहा केला, त्याला वाटेला लावले, आणि त्या रात्रीपासून झोप उडाली. छाती भरल्यासारखी होई. जेवण जात नसे. एके दिवशी वर्गात एका मुलीच्या हातून बाकावर पाणी सांडले आणि मी तिच्यावर इतकी ओरडले की शेजारच्या वर्गातल्या सरांना दारात येऊन उभे राहावे लागले. छातीचा आलेख निर्दोष निघाला, तेव्हा आमच्या डॉक्टरांनीच देवपुरातल्या एका मानसशास्त्रज्ञ बाईंचे नाव सुचवले. त्यांना मी मॅडम म्हणते.

त्यामुळे दर गुरुवारी शाळा सुटल्यावर पांझरेचा पूल ओलांडून देवपुरात जाणे सुरू झाले. पहिल्या भेटीत मॅडमनी विचारले, "नेमके काय होते आहे?" मला उत्तर देता आले नाही. व्याकरणात ससंदेह नावाचा अलंकार आहे. समोर दिसते ते हे की ते, असा निश्चय होत नाही तेथे तो मानतात. माझे तसेच झाले होते. हा राग आहे की दुःख? भावावरचा आहे, की आप्पांच्या शेवटच्या रात्री मी रुग्णालयात नव्हते म्हणून स्वतःवरचा आहे? आणि बाप जाऊन महिना झाला नाही तोच मनात जमिनीचा विचार येतो, याची लाज त्या दोन्हींवर चढून बसली होती.

दुसऱ्या भेटीत मॅडमनी मला एक रूपक दिले. त्या ज्या उपचारपद्धतीने काम करतात तिच्यात ते प्रसिद्ध आहे. तुमच्यात आणि एका राक्षसात रस्सीखेच चालू आहे, मध्ये खोल खड्डा आहे, तुम्ही जितके ओढाल तितका तो ओढतो, आणि तुम्ही खड्ड्याच्या काठाशी सरकत जाता. अशा वेळी जिंकणे हा एकच मार्ग नसतो, दोर हातातून सोडूनही देता येतो. राक्षस जात नाही, पण ओढाताण थांबते. कल्पना चांगली आहे आणि अनेकांना तिचा उपयोग होतो. मला मात्र ती ऐकताना छातीत आणखी आवळल्यासारखे झाले. मी आठ-नऊ वर्षांची असताना आप्पा मला बैलगाडीवर पुढे बसवून कासरा हातात देत, आणि एकच गोष्ट पुन्हा पुन्हा बजावत: काही झाले तरी कासरा सोडायचा नाही. उतारावर ज्याच्या हातून कासरा सुटतो त्याची गाडी, बैल आणि माणसे सगळी ओढ्यात जातात. माझ्या हातांना दोर सोडणे म्हणजे अपघात, एवढेच माहीत आहे. मी हे मॅडमना सांगितले. त्यांनी ते वहीत लिहून घेतले आणि म्हणाल्या, "मग हे रूपक तुमचे नाही. ठेवून देऊ." मला वाटते, माझा त्यांच्यावरचा विश्वास त्या क्षणी बसला.

मॅडम ज्या पद्धतीने काम करतात तिची उभारणी अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ स्टीव्हन हेज यांनी 1980 च्या दशकापासून केली. नको त्या भावना हटवण्याच्या मागे न लागता त्यांना जागा द्यायची आणि आपल्याला जे मोलाचे वाटते त्या दिशेने पाऊल टाकायचे, असा तिचा गाभा आहे. या पद्धतीत रूपके जागोजाग वापरतात, आणि त्यामागे कारण आहे. 'रागाशी भांडू नका' असा थेट उपदेश केला, तर माणूस त्या उपदेशाचाच नियम करून ठेवतो आणि 'मी भांडते आहे का' यावर पहारा ठेवत बसतो. डॅनियल वेग्नर यांनी 1987 मध्ये केलेला एक प्रयोग प्रसिद्ध आहे: पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका असे सांगितलेल्या लोकांच्या मनात ते अस्वल पुन्हा पुन्हा येत राहिले, आणि नंतर मोकळीक दिल्यावर तर अधिकच आले. मनाला दिलेला नकार मन पाळत नाही. रूपक नकार देत नाही. ते एक जागा उभी करते आणि त्या जागेत माणसाला फिरू देते. मग काय करायचे ते त्याला त्या जागेच्या ओळखीतून सुचते.

याच पद्धतीतले बसचे रूपक मला लगेच समजले, हेही प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे. त्यात आपण चालक असतो, आपले विचार आणि भावना हे उतारू असतात, ते मागून ओरडतात, धमकावतात, इकडे वळव म्हणतात. चालकाने त्यांना उतरवण्यासाठी बस थांबवून भांडण केले तर प्रवासच थांबतो. नोकरीची पहिली सहा वर्षे मी साक्री-धुळे एस.टी.ने रोज येत-जात असे. मागच्या बाकांवर कितीही गोंधळ झाला तरी नेरच्या फाट्याला बस वेळेवर पोचवणारे चालक मी पाहिले आहेत. परक्या मुलखातले रूपक असले तरी त्याचा एखादा थांबा आपल्या वाटेवर असला, की ते चालते.

पण काम झाले ते चौथ्या भेटीत. त्या दिवशी मॅडमनी काहीच दिले नाही, फक्त विचारत राहिल्या.

"हा राग कुठे आहे?"

"छातीत."

"छातीत नेमका कुठे?"

"येथे. हाडाच्या मागे."

"आणि हाडामागचा हा राग कशासारखा आहे?"

मी बराच वेळ गप्प राहिले. त्यांनी घाई केली नाही.

"पाण्यासारखा. तुंबलेल्या."

"तुंबलेले पाणी. ते कसले पाणी आहे?"

"गढूळ. पुराचे. मागून येतच आहे."

"आणि त्या पाण्याबद्दल आणखी काही?"

"पुढे भिंत आहे. उंच. मी बांधलेली."

"उंच भिंत, तुम्ही बांधलेली. त्या भिंतीबद्दल आणखी काही?"

"तिला सांडवा नाही," मी म्हणाले, आणि आप्पा गेल्यापासून न आलेले रडू तेव्हा आले.

विचारण्याच्या या रीतीमागे मूळचे न्यूझीलंडचे मानसोपचारक डेव्हिड ग्रोव्ह आहेत. 1980 च्या दशकात मोठ्या आघातांतून गेलेल्या लोकांबरोबर काम करताना त्यांच्या लक्षात आले की उपचार करणारे लोक रुग्णाचे शब्द नकळत बदलतात. रुग्ण 'तुंबलेले' म्हणतो, उपचारक 'म्हणजे तुम्हाला ताण जाणवतो आहे' असे परत देतो, आणि रुग्णाची प्रतिमा तेथेच हरवते. म्हणून ग्रोव्ह यांनी अगदी थोडे, साधे प्रश्न ठरवले, ज्यांत प्रश्नकर्त्याची स्वतःची एकही प्रतिमा मिसळत नाही: ते कुठे आहे, कसले आहे, कशासारखे आहे, त्याबद्दल आणखी काही. चोवीस वर्षे मुलांच्या निबंधांतले शब्द लाल शाईने बदलत आलेल्या माझ्यासारखीला हे ऐकणे सोपे नव्हते. किती मुलांनी आपले स्वतःचे काही लिहिले असेल आणि मी त्या जागी प्रमाण, गुळगुळीत शब्द बसवला असेल, हा विचार अजून पाठ सोडत नाही.

'सांडवा' हा शब्द माझ्या तोंडून का आला, हे सांगण्यासाठी फड समजावून सांगावा लागेल. पांझरा, मोसम, आरम या नद्यांच्या खोऱ्यांत किमान तीनशे वर्षांपासून ही पाणीवाटपाची पद्धत चालत आली आहे. नदीत दगडी बंधारा असतो. बंधारा आणि धरण यांतला फरक आमच्याकडे लहान मुलालाही कळतो: धरण पाणी साठवते, बंधारा साठवत नाही. तो नदीची पातळी थोडी उचलतो, तेवढ्याने काठावरच्या पाटात पाणी वळते, आणि उरलेली नदी बंधाऱ्याच्या माथ्यावरून पुढच्या गावाला निघून जाते. पाटाला चाऱ्या फुटतात, चाऱ्यांतून पाणी शेताशेतात जाते, पाटकरी पाळीप्रमाणे ते देतो. पाटात पाणी वाजवीपेक्षा वाढले तर ते नदीत परत जावे म्हणून ठिकठिकाणी सांडवे काढलेले असतात. गावाचे बागायत चार फडांत वाटलेले असते, एका फडात एकच पीक घेतात, आणि कोणता फड यंदा पिकवायचा, कोणता पड ठेवायचा, हे गाव बसून ठरवते. पावसाळ्यापूर्वी पाटातला गाळ सगळ्यांनी मिळून काढायचा. हे सगळे मी कधी मुद्दाम शिकले नव्हते. आप्पांच्या मागे मागे रात्रीच्या पाळीला कंदील धरून चालताना ते अंगात गेले होते.

आणि मी स्वतः काय बांधले होते, तर धरण. तेही असे, की ज्यातून पाणी बाहेर पडण्याची सोय कुठेच नव्हती.

रूपकाबद्दल मला जे म्हणायचे आहे ते हेच. दुःखाला किंवा रागाला नाव दिले की ते हलके होते, हे खरे आहे. मॅथ्यू लीबरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2007 मध्ये मेंदूच्या प्रतिमा घेऊन दाखवले की भावनेला शब्द देताना मेंदूतील भयाशी निगडित असलेल्या अमिग्डला या भागाची प्रतिक्रिया कमी होते. पण नाव देऊन दिलासा मिळाला तरी पुढे काय करायचे हे नावातून कळत नाही. 'छातीवर दगड आहे' असे म्हटले तर दगडाचे दोनच प्रकार करता येतात, सोसायचा किंवा ढकलायचा. 'तुंबलेले पाणी आहे' असे म्हटले तर, पाण्याबरोबर वाढलेल्या माणसाला निदान दहा कामे सुचतात. रूपकाच्या पोटात पुढची कृती असते, आणि ती त्यालाच दिसते ज्याने त्या वस्तूबरोबर हाताने काम केले आहे. म्हणूनच परके रूपक कितीही सुंदर असले तरी पुष्कळदा ऐकून सोडून दिले जाते.

माझ्या बाबतीत ती कामे हळूहळू ठरत गेली. सुरुवातीला मॅडम मला विचारत, राग एक ते दहांत किती, आणि मला गुणपत्रिका भरल्यासारखे वाटे. नंतर मी नदी उतरताना लोक सांगतात तसे सांगू लागले: आज घोट्याएवढे, आज गुडघाभर, आज कमरेला, आज गळ्याशी. रोज रात्री वहीत एवढा एकच शब्द लिहायचा. घोट्याएवढ्या पाण्यात काही करायचे नसते, माणूस चालत राहतो. कमरेला आले तर मोठ्या बहिणीला फोन करायचा आणि जमिनीचा विषय सोडून आप्पांविषयी बोलायचे. छातीच्या वर गेले तर त्या दिवशी भावाशी बोलायचे नाही, कोणत्याही कागदाला हात लावायचा नाही, पुलावरून देवपूरपर्यंत चालत जाऊन यायचे. हे माझे सांडवे झाले. या पाण्यातले काही पाणी शेताचे होते, हे कळायला अधिक वेळ लागला. मला आलेला सगळाच राग वाया घालवण्यासारखा नव्हता. त्यातल्या एका धारेने मला सांगितले होते की माझा काही हक्क आहे आणि तो न विचारता गृहीत धरला गेला. ती धार मी एका चारीत घातली. सातबारा काढला, वकिलांकडे जाऊन कायदा समजून घेतला. तेवढ्यापुरता राग कामाला लागला आणि आश्चर्य म्हणजे तो तेथे गढूळ राहिला नाही.

गाळ मात्र राहिला. रुग्णालयातल्या रात्री, नळीतून दिलेले ताक, आप्पांचा आवाज गेल्यावर पाटीवर लिहिलेले त्यांचे वेडेवाकडे शब्द. गाळ एकट्याने निघत नाही, हे मी लहानपणापासून पाहत आले होते, म्हणून मी मायला आणि बहिणीला घेऊन बसले. मायने मला माहीत नसलेल्या गोष्टी सांगितल्या. त्या येथे लिहिणार नाही.

तोवर मला आणखी एक गोष्ट दिसू लागली होती, आणि ती अधिक अस्वस्थ करणारी होती. मी रूपक वापरायला उपचाराच्या खोलीत शिकले असे म्हणणे खोटे आहे. मी जन्मापासून रूपकांतच राहत होते. लेक म्हणजे परक्याचे धन. बाई म्हणजे धरणी, सारे सोसणारी. माहेर म्हणजे सावली. ही वाक्ये कोणी अलंकार म्हणून उच्चारत नाही, ती वस्तुस्थिती म्हणून उच्चारली जातात. जॉर्ज लॅकॉफ आणि मार्क जॉन्सन या अभ्यासकांनी 1980 मध्ये हेच मांडले, की रूपक हा विचारांचाच घाट आहे. वादाला आपण युद्ध मानतो म्हणून वादात जिंकतो, हरतो, हल्ला करतो. लेक परक्याचे धन असेल तर तिने वाटा मागणे ही चोरी ठरते, आणि धरणीला राग आला तर तो भूकंपच असणार. मला माझ्या रागाची एवढी लाज का वाटत होती, याचे उत्तर माझ्या स्वभावात शोधत मी महिने घालवले होते. ते उत्तर त्या दोन वाक्यांत पडलेले होते.

आपल्या भाषेने मात्र याच्या उलट बाजूची सोयही करून ठेवली आहे. मराठीत माणूस राग नसतो. राग त्याला येतो. रडू येते, भीती वाटते, कंटाळा येतो, आणि 'मला' हा शब्द बाजूला उभा राहून हे सगळे येताना-जाताना पाहतो. ऑस्ट्रेलियाचे मायकल व्हाइट आणि न्यूझीलंडचे डेव्हिड एप्स्टन यांनी कथनाधारित उपचारपद्धतीत माणूस आणि त्याची समस्या या दोन वेगळ्या गोष्टी आहेत असे धरून बोलण्याची रीत घडवली. मॅडमनी ती मला समजावून सांगितली तेव्हा माझ्या मनात आले, की सातवीच्या वर्गात विभक्तीचे प्रत्यय शिकवताना हे मी दरवर्षी म्हणत आले आहे, फक्त त्यातला अर्थ कधी ऐकला नव्हता. 'मी रागीट आहे' आणि 'मला राग आला' यांत एका माणसाला पाय ठेवता येईल एवढी जागा आहे. रूपकाकडून उपमेकडे येणे हेही तसेच. 'मी धरण आहे' यात सुटका नाही. 'मी धरणासारखी वागते आहे' म्हटले की वेगळे वागण्याची शक्यता लगेच समोर येते. परीक्षेत 'सारखा' या शब्दाला ओळखीच्या खुणेपलीकडे किंमत नसते. मला त्या शब्दाने श्वास घ्यायला जागा दिली.

आपल्या मातीतल्या उपमानाची ताकद खान्देशाला कोणी शिकवायला नको. असोद्याच्या बहिणाबाईंनी मनाला उभ्या पिकात शिरणारे ढोर म्हटले, ते त्यांनी स्वतः शेतातून ढोर हाकलले होते म्हणून. कितीही हाकलले तरी ते पुन्हा पिकाकडे वळते, हे सांगायला त्यांना मानसशास्त्राची गरज पडली नाही. उपचारांच्या इतिहासातही अशी उदाहरणे आहेत. अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञ मिल्टन एरिक्सन यांच्याकडे एकदा एका फुलवाल्याची केस आली. कर्करोगाच्या वेदनांनी तो हैराण होता आणि संमोहनाचे नावही त्याला नको होते. एरिक्सन त्याच्याशी वेदनेविषयी बोललेच नाहीत. ते टोमॅटोच्या रोपाविषयी बोलत राहिले: बी मातीत शांत कसे पडून असते, पाऊस आल्यावर त्याला कसे बरे वाटते, रोप सावकाश कसे वाढते. ज्याने आयुष्यभर रोपे वाढवली त्याच्या शरीराला त्या बोलण्यातली विश्रांती समजली. एखाद्या ट्रकचालकाला तीच गोष्ट सांगून उपयोग झाला असता, असे मला वाटत नाही.

म्हणून दुसऱ्याच्या दुःखावर आपले रूपक ठेवण्याचे मला आता भय वाटते. लेकरू गेलेल्या आईला 'चांगली माणसे देवालाही आवडतात' असे सांगणारे लोक दुष्ट नसतात, पण त्या आईला ते वाक्य आयुष्यभर बोचत राहते, हे मी आमच्या शेजारी पाहिले आहे. रूपकाने सगळे बरे होते असेही नाही. ज्याला सकाळी अंथरुणातून उठवत नाही, ज्याची झोप आणि भूक अनेक आठवडे गेली आहे, त्याला मानसोपचारतज्ज्ञाकडे नेले पाहिजे, आणि औषध लागले तर औषधच घेतले पाहिजे. जीव संपवण्याचा विचार येत असेल तर तेवढाही वेळ घालवू नये. ऑक्टोबर 2022 पासून सरकारची टेलिमानस ही मोफत सेवा 14416 या क्रमांकावर दिवसरात्र सुरू आहे आणि तेथे मराठीतून बोलता येते. आमच्या गावात दवाखान्याच्या भिंतीवर हा क्रमांक लिहिण्यासाठी मी सरपंचांना विनंती केली, आणि तो आता तेथे आहे.

भावाशी मी बोलले ते दिवाळीत. 'मला माझ्या भावनांना वेळ द्यायचा आहे' असे वाक्य मी आधी मनात तयार केले होते. ते माझ्या तोंडून निघाले असते तर तो बावचळून गेला असता. प्रत्यक्षात मी म्हणाले, "भाऊ, जमिनीचा हा फड यंदा पड राहू दे." त्याने माझ्याकडे पाहिले, आणि मान हलवली. पड ठेवलेल्या फडात कोणी नांगर घालत नाही, आणि तो फड कोणी टाकूनही दिलेला नसतो. पुढच्या वर्षी गाव पुन्हा बसते. त्याला यातले काहीच समजावून सांगावे लागले नाही. मी मॅडमकडे जाते हे त्याला तेव्हा माहीतही नव्हते.

2024 च्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मी चार दिवस माहेरी राहिले. आप्पांच्या नावाची घागर मायने माझ्या हातून भरून घेतली, वर डांगर ठेवले, सांजोऱ्या आणि आमरसाचा नैवेद्य झाला. दुपार कलल्यावर भाऊ आणि मी बंधाऱ्यापर्यंत चालत गेलो. नदीत डोहांपुरतेच पाणी होते आणि पाटात गाळ उघडा पडून त्याला भेगा गेल्या होत्या. मी त्याला सगळे सांगितले: सही मागितली तेव्हा किती राग आला, झोप कशी गेली, वर्गात त्या पोरीवर कशी ओरडले, गुरुवारी कुठे जाते. त्याने मध्ये काही म्हटले नाही. मग बऱ्याच वेळाने तो म्हणाला, "ताई, मना छातीवरबी दगड शे."

पूर्वीची मी असते तर त्याला समजावले असते, धीर दिला असता, सगळ्यांनाच आप्पांची आठवण येते असे काहीतरी म्हणाले असते.

"कसा दगड शे?" मी विचारले.

तो डोहाकडे पाहत राहिला. "नांगरताना लागस ना, तसा," तो म्हणाला. "दरसाल काढतस, दरसाल नवा निंघस."

मी पुढे काही विचारले नाही. नांगराला लागलेले दगड आमच्याकडे फेकून देत नाहीत, बांधावर रचतात, आणि हे त्याला माझ्यापेक्षा चांगले माहीत आहे.